खोलीचं नको, बादलीतल्या बिअरचं तापमान मोजा

घरी बिअर करायला लागलेला माणूस पहिले काही महिने पाककृतीच्या मागे असतो. कोणता मॉल्ट घ्यायचा, हॉप्स उकळीत कितव्या मिनिटाला टाकायचे, पाण्यात जिप्सम घालायचं का, यावर तो रात्र रात्र वाचत बसतो. मग वॉर्ट, म्हणजे मॉल्टचा उकळून गार केलेला गोड काढा, बादलीत ओततो, वरून यीस्ट सोडतो, झाकण लावतो आणि बादली कपड्यांच्या कपाटात किंवा तळघराच्या कोपऱ्यात सरकवून दोन आठवडे विसरून जातो. भिंतीवरचा थर्मोस्टॅट २१ अंश सेल्सिअस दाखवत असतो, यीस्टच्या पाकिटावर १८ ते २६ अंश छापलेलं असतं, म्हणजे सगळं ठीकच आहे असा त्याचा हिशोब. या हिशोबात एक गोष्ट राहून जाते. थर्मोस्टॅट खोलीतल्या हवेचं तापमान सांगतो आणि पाकीट यीस्ट ज्यात पोहतं त्या द्रवाचं. ही दोन तापमानं पहिल्या काही दिवसांत एक नसतात, आणि बिअरची चव नेमकी त्याच दिवसांत ठरते. म्हणून मोजायचं ते बादलीतल्या द्रवाचं तापमान, आणि सर्वांत जास्त लक्ष द्यायचं ते पहिल्या तीन दिवसांत. एवढं नीट जमलं की ते तापमान आवरायला फारसा खर्च येत नाही. उलट, चुकीच्या जागी मोजलं तर महागडा फ्रीजही बिअर बिघडवू शकतो.

पुढे जाण्याआधी कायद्याची बाजू. अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ साली सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरला केंद्रीय करातून मोकळं केलं. एका प्रौढामागे वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन ही त्याची मर्यादा आहे. राज्यांचे नियम मात्र वेगवेगळे होते, अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्यं २०१३ सालीच या वाटेवर आली. ब्रिटनमध्ये घरी बिअर करण्यासाठी लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला. दोन्हीकडे विक्री करायची नाही ही अट आहेच. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, त्यात ‘घरच्यापुरतं’ अशी सवलत नाही. तेव्हा हा लेख जिथे हा छंद कायदेशीर आहे तिथल्या मराठी वाचकांसाठी आहे.

आता मूळ मुद्दा. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं, तेव्हा उष्णताही बाहेर टाकतं. ब्रुअरीतले लोक धरून चालतात की एक किलो साखर आंबली की सुमारे ५८५ किलोज्यूल उष्णता निघते. हाच आकडा आपल्या बादलीला लावून पाहू. २० लिटर वॉर्ट, सुरुवातीची घनता १.०४८, म्हणजे त्यात साधारण अडीच किलो विरघळलेले घटक. त्यातले दीड किलोच्या वर प्रत्यक्षात आंबतात. एकूण उष्णता झाली नऊशे ते साडेनऊशे किलोज्यूल. २० लिटर वॉर्ट एक अंशाने तापवायला चौऱ्याऐंशीच्या आसपास किलोज्यूल लागतात. म्हणजे बादलीतून उष्णता मुळीच बाहेर गेली नसती, तर बिअर आपली आपणच ११ अंशांनी तापली असती. प्रत्यक्षात बादलीच्या भिंतीतून उष्णता झिरपत राहते, त्यामुळे आतलं तापमान खोलीपेक्षा ३ ते ५ अंशांनीच वर जातं. पण ‘३ ते ५ अंशांनीच’ म्हणण्यासारखी ही गोष्ट नाही. २१ अंशांच्या खोलीत बिअर २५-२६ अंशांवर आंबत असते आणि तिच्या मालकाला ती २१ वर आहे असं वाटत असतं. (अमेरिकेतल्या वाचकांसाठी: ५ अंश सेल्सिअसचा फरक म्हणजे ९ अंश फॅरनहाइट. थर्मोस्टॅटवर ७०, बादलीत ७८-७९.) शिवाय ही वाढ सारखी नसते. यीस्ट टाकल्यावर आठ-दहा तास काहीच होत नाही, मग दुसऱ्या दिवशी फेस उसळतो, तापमान चढतं, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत साखर संपत आली की उतरून पुन्हा खोलीच्या बरोबरीला येतं. पाचव्या दिवशी कुतूहल म्हणून थर्मामीटर लावणाऱ्याला काहीच वावगं दिसत नाही. जे व्हायचं ते तोवर होऊन गेलेलं असतं.

काय होऊन गेलेलं असतं? पहिल्या दोन-तीन दिवसांत यीस्ट साखर खातं आणि त्याचबरोबर स्वतःची संख्याही वाढवत असतं. पेशी वाढवण्यासाठी ते जी अमिनो आम्लं वापरतं आणि घडवतं, त्या कामाची उपउत्पादनं म्हणजे आपल्याला जाणवणारी बरीचशी चव. तापमान जास्त असलं की ही वाढ घाईने होते. फ्यूजल अल्कोहोल जास्त तयार होतात, घशाला चटका बसतो आणि साध्या पाच टक्क्यांच्या बिअरला देशी दारूसारखी धग येते. एस्टर वाढतात, त्यातल्या आयसोअमाइल अॅसिटेटचा वास पिकल्या केळ्यासारखा आणि इथाइल अॅसिटेटचा, प्रमाण वाढलं तर, नेलपॉलिश काढायच्या द्रावासारखा येतो. डायअॅसिटिल, म्हणजे मायक्रोवेव्हमधल्या पॉपकॉर्नचा लोणकट वास, त्याचा पाया याच काळात पडतो. डायअॅसिटिल पुढे यीस्ट स्वतःच परत शोषून घेऊ शकतं, पण फ्यूजल अल्कोहोलबाबत तशी सोय नाही. एकदा झालेली धग बाटलीत सहा महिने ठेवली तरी फारशी जात नाही. म्हणूनच अनुभवी ब्रुअर सुरुवात थंड ठेवतात आणि शेवटाला तापमान दोन-तीन अंश चढू देतात, म्हणजे थकलेलं यीस्ट जागं राहून उरलेली साखर आणि डायअॅसिटिल दोन्ही संपवेल. कोपऱ्यात टाकून दिलेली बादली याच्या बरोबर उलट वागते. सुरुवातीला यीस्टच्या उष्णतेने ती गरम असते, आणि शेवटी, विशेषतः हिवाळ्यात, गार पडते. बिअर बिघडवायचं ठरवून तापमानाचा आलेख काढला असता, तर तो काहीसा असाच निघाला असता.

तेव्हा मोजायचं कसं? झाकण उघडून थर्मामीटर बुडवणं हा सर्वांत वाईट मार्ग. दर वेळी हवा आत जाते, जंतू जातात, आणि दिवसातून तीनदा झाकण उघडणाऱ्याची बिअर तापमानाआधी आंबटपणानेच वाया जायची. बाहेरून मोजलं तरी चालतं, कारण यीस्ट जोरात असताना वर येणारे बुडबुडे सगळा द्रव ढवळत ठेवतात, त्यामुळे मध्यभाग आणि भिंत यांत फार तर अर्ध्या-एक अंशाचा फरक राहतो. सर्वांत स्वस्त साधन म्हणजे रंग बदलणारी चिकटपट्टी, मासे ठेवायच्या टाकीवर लावतात तसलीच. ती बादलीच्या मधल्या उंचीवर, द्रवाच्या पातळीच्या बरीच खाली चिकटवायची. त्यात जो आकडा हिरवा उजळतो तो खरा. त्याच्यापेक्षा बरं म्हणजे वायरीवरचा डिजिटल सेन्सर. तो भिंतीला टेपने घट्ट बसवायचा आणि त्यावर तळहाताएवढा फोमचा तुकडा किंवा घडी घातलेलं बबल रॅप दाबून चिकटवायचं. हे आच्छादन विसरलं तर सेन्सर अर्धा भिंतीचं आणि अर्धा हवेचं तापमान घेतो, आणि आपण पुन्हा खोलीच मोजायला लागतो. स्टीलच्या भांड्याला झाकणातून आत जाणारी बंद तोंडाची नळी, म्हणजे थर्मोवेल, असेल तर सेन्सर तिच्यात सोडणं सर्वांत चांगलं. इन्फ्रारेडची पिस्तूल वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, चकचकीत स्टीलवर ती धडधडीत खोटं बोलते. स्टीलचा पृष्ठभाग खोलीचीच उष्णता परावर्तित करतो आणि पिस्तूल ती वाचते. भांड्यावर काळ्या इन्शुलेशन टेपचा एक चौकोन चिकटवून त्यावर रोखली तर ती बऱ्यापैकी खरं सांगते. प्लास्टिकच्या बादलीला ही अडचण नाही.

कुठलंही साधन विकत आणलं की त्याची परीक्षा घ्यावी. पेलाभर बर्फ ठेचून त्यात बर्फाच्या फटी भरतील एवढंच पाणी घालायचं, ढवळायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि सेन्सर तळाला न टेकवता मध्ये धरायचा. शून्य दिसलं पाहिजे. मग कोमट पाण्यात ताप मोजायच्या डिजिटल थर्मामीटरशेजारी धरून ३७-३८ अंशांच्या आसपास जुळतं का ते पाहायचं. आपल्या कामाचे १८-२० अंश या दोन टोकांच्या मधोमध येतात, त्यामुळे दोन्हीकडे जुळलं तर मध्ये फार चुकणार नाही. एखाद्या अंशाचा फरक सातत्याने येत असेल तर साधन फेकायची गरज नाही, फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचा. उकळत्या पाण्याने पारखणाऱ्यांनी आपली समुद्रसपाटीपासूनची उंची विसरू नये. डेन्व्हरमध्ये पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, तिथे १०० ची वाट पाहत बसणारा चांगलं थर्मामीटर कचऱ्यात टाकेल.

वहीचा उल्लेख आलाच आहे तर तिच्याबद्दल. दर पाच मिनिटांनी तापमान फोनवर पाठवणारी, बिअरमध्ये तरंगणारी यंत्रं आता मिळतात, आणि ज्याला आलेख बघायची हौस आहे त्याने ती जरूर घ्यावीत. पण २० लिटरची बादली इतक्या घाईने बदलत नाही. खोली अचानक पाच अंशांनी गार झाली तरी बादलीला त्यातला बराचसा फरक उमटायला सात-आठ तास लागतात. म्हणून पहिले तीन दिवस दिवसातून तीन-चार नोंदी आणि नंतर सकाळ-संध्याकाळ एकेक एवढं पुरे. नोंदीत तारीख-वेळ, बादलीचं तापमान, खोलीचं तापमान आणि फेसाची अवस्था. खोलीचं तापमान लिहायचं ते बादलीशी तुलना करायला. या दोन आकड्यांतला फरक हाच यीस्ट किती जोरात आहे याचा खरा निर्देशक आहे. एअरलॉकमधले, म्हणजे झाकणावरच्या वायू बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या नळीतले, बुडबुडे मोजण्यापेक्षा तो जास्त भरवशाचा, कारण झाकण जरा सैल असलं तरी बुडबुडे थांबतात, उष्णता थांबत नाही. फरक वाढायला लागला की काम सुरू झालं, कमी व्हायला लागला की साखर संपत आली. ही वही दोन-चार बॅचनंतर आणखी एक गोष्ट सांगू लागते. तुमच्या घरात, तुमच्या बादलीत, अमुक यीस्ट खोलीच्या किती अंश वर जातं, हा आकडा कुठल्याच पुस्तकात नसतो. तो हाती आला की पुढच्या वेळी खोली किंवा पाणी तेवढ्याने खाली ठेवता येतं.

सगळ्यात जास्त चुका पहिल्याच पायरीवर होतात. उन्हाळ्यात टेक्सास-अॅरिझोनाकडे नळाचं पाणीच २७-२८ अंश असतं, त्यामुळे वॉर्ट तीसच्या खाली आणताना नाकी नऊ येतात. मग ‘यीस्ट टाकून देऊ, नंतर गार होईल’ असा विचार होतो. नंतर गार होत नाही, कारण नंतर यीस्टच तापवायला लागतं. वाढीचा सगळा महत्त्वाचा काळ २८ अंशांवर जातो आणि मग फ्रीज लावून बिअर १८ वर आणली तरी ती धग आत बसलेलीच असते. वर यीस्टला एकदम थंडीचा धक्का बसतो तो वेगळाच. एलच्या, म्हणजे उबेत आंबणाऱ्या बिअरच्या, साधारण यीस्टसाठी वॉर्ट १७ अंशांवर, म्हणजे हव्या त्या तापमानाच्या एक-दोन अंश खालीच, असताना यीस्ट टाकावं आणि त्याला स्वतःच्या उष्णतेने १८-१९ पर्यंत चढू द्यावं. नळाच्या पाण्याने वॉर्ट तेवढा गार होत नसेल तर निर्जंतुक बादलीत घट्ट झाकून ती रात्रभर गार जागी ठेवावी आणि यीस्ट सकाळी टाकावं. स्वच्छता चोख असेल तर एका रात्रीचा उशीर परवडतो, दहा अंशांची घाई परवडत नाही.

आता तापमान आवरण्याकडे येऊ. यीस्टची उष्णता ऐन भरातसुद्धा दहा वॅटच्या आसपास असते. तिला पळवून लावायला यंत्र लागतंच असं नाही. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल लागतात, म्हणजे संपूर्ण आंबवणाची साडेनऊशे किलोज्यूल उष्णता कागदावर तरी ४०० मिलिलिटर पाण्याच्या बाष्पीभवनाने निघून जाते. पाणी गार ठेवणारा आपला माठ याच तत्त्वावर चालतो. बादली एका रुंद टबात ठेवायची, टबात चार-सहा इंच पाणी, बादलीला जुना सुती टी-शर्ट घालायचा आणि त्याचं टोक पाण्यात बुडेल असं पाहायचं. समोर छोटा पंखा. कोरड्या हवेत हा खटाटोप बिअर खोलीपेक्षा दोन-तीन अंश खाली ठेवू शकतो. मात्र माठ विदर्भात जसा काम करतो तसा मुंबईच्या पावसाळ्यात करत नाही, आणि हाच न्याय फिनिक्स-डेन्व्हर विरुद्ध ह्यूस्टन-मायामी असा लागतो. दमट हवेत टी-शर्ट सोडून द्यावा आणि टबात पाणी बादलीच्या निम्म्यापर्यंत भरून गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलाव्यात. दोन लिटरची एक बाटली वितळताना सुमारे साडेसहाशे किलोज्यूल शोषते, त्यामुळे एकदम चार टाकण्याचा उत्साह आवरावा. इथे पुन्हा मोजमापच मार्गदर्शक. टबाच्या पाण्याखाली गेलेली चिकटपट्टी पाण्याचं तापमान दाखवते आणि काही दिवसांत खराबही होते, तेव्हा पट्टी पाण्याच्या पातळीच्या वर असावी, नाहीतर थर्मोवेल वापरावी. हिवाळ्यात अडचण उलटी असते. लंडन किंवा मिनिआपोलिसच्या तळघरात १३-१४ अंश असतात आणि रात्री हीटिंग उतरवलं की आणखी खाली जातात. तिथे तोच पाण्याचा टब मत्स्यटाकीच्या हीटरने १९ अंशांवर ठेवला की काम भागतं.

फ्रीज किंवा चेस्ट फ्रीझरला वेगळा कंट्रोलर जोडणं हा अर्थातच अधिक नेटका मार्ग आहे, आणि आता असे कंट्रोलर फार महागही राहिले नाहीत. पण इथेच खर्च करूनही फसगत होते. बरेच जण कंट्रोलरचा सेन्सर फ्रीजमध्ये नुसता लोंबता ठेवतात. मग यंत्र हवेला १८ अंशांवर ठेवतं, बिअर मात्र २१-२२ वर मजेत तापत राहते, आणि कंट्रोलरचा लाल आकडा बघून मालक निर्धास्त. सेन्सर बादलीच्या भिंतीला, आच्छादनाखाली, आधी सांगितला तसाच बसला पाहिजे. दुसरी चूक अचूकतेच्या हव्यासाची. कंट्रोलरला ०.१ अंशाची मुभा दिली तर कॉम्प्रेसर सतत सुरू-बंद होऊन मरतो. अर्धा ते एक अंश फरक आणि दोन सुरुवातींमध्ये किमान पाच मिनिटांचा विसावा ठेवावा. बिअरला अर्ध्या अंशाने काही होत नाही. आणि तापमान झपाट्याने उतरवताना एअरलॉककडे लक्ष असू द्यावं. आतली हवा आकसली की त्यातलं पाणी उलटं बिअरमध्ये ओढलं जातं, म्हणून त्यात निर्जंतुक द्राव किंवा व्होडका घालण्याची पद्धत आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. शेकडो वर्षं लोक थर्मामीटरशिवाय बिअर करत होते, मग आताच हे खूळ कशाला? लोक थर्मामीटरशिवाय करत होते हे खरं, पण तापमानाकडे दुर्लक्ष करून करत नव्हते. बव्हेरियात १५५३ साली ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवायला बंदीच घातली, कारण उन्हाळ्यातली बिअर बिघडते हा सगळ्यांचा अनुभव होता. तिथला थर्मामीटर म्हणजे पंचांग. हिवाळ्यात तलावांवरचा बर्फ कापून तळघरात भरायचा आणि त्यावर पुढचे महिने काढायचे. इंग्लंडमध्ये मायकल कॉम्ब्रून याने १७५०-६० च्या सुमारास ब्रुअरीत थर्मामीटर वापरण्याबद्दल पुस्तकं लिहिली. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे याने शीतयंत्र तयार केलं तेव्हा त्याला पाठबळ देणाऱ्यांत म्युनिकचे ब्रुअर पुढे होते. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सनने शुद्ध यीस्ट वेगळं केलं, ते थंडीत काम करणारं लागर यीस्ट होतं. ज्या उद्योगाने आपलं सगळं वर्ष आणि मग आपला सगळा पैसा तापमानाभोवती बांधला, त्याचा दाखला ‘तापमान महत्त्वाचं नाही’ असं म्हणायला देणं जरा धाडसाचंच आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी एकच वॉर्ट दोन बादल्यांत, एक थंड आणि एक गरम, असं आंबवून लोकांना न सांगता चाखायला दिलं आहे. तीन पेल्यांतला वेगळा पेला ओळखायच्या या चाचण्यांत पुष्कळदा चाखणाऱ्यांना फरक ओळखता आला नाही, खासकरून डब्ल्यू-३४/७० हे लागर यीस्ट १८-१९ अंशांवर वापरलं तेव्हा. हे निष्कर्ष उडवून लावण्यात अर्थ नाही. काही यीस्ट खरोखर सोशिक असतात आणि ‘लागर दहा अंशांवरच’ हा जुना धाक अवास्तव होता, हे आता मान्य करायला हवं. पण या चाचण्या करणाऱ्यांनी नेमकं काय केलं ते पाहा. त्यांनी दोन्ही बादल्यांचं तापमान कंट्रोलर लावून ठरवलेल्या आकड्यावर स्थिर ठेवलं होतं. १८ अंशांवर राखलेली बिअर चांगली लागते, यावरून न राखलेली, २१ पासून २७ पर्यंत भटकलेली बिअर चांगली लागेल असं सिद्ध होत नाही. आणि सोशिक यीस्ट कोणतं हे तरी मोजल्याशिवाय कसं कळलं असतं?

तिसरा आक्षेप क्वाइकचा. नॉर्वेतल्या व्हॉस भागातल्या शेतकऱ्यांनी पिढ्यानुपिढ्या जपलेलं हे यीस्ट ३५-४० अंशांवर खुशाल चालतं आणि दोन-तीन दिवसांत मोकळं होतं. मग हेच वापरावं, मोजमापाची कटकट नको, असं म्हणतात. उकाड्याच्या ठिकाणी फ्रीजशिवाय राहणाऱ्याला क्वाइक ही खरोखर उत्तम वाट आहे, हे निःसंकोच सांगावं. फक्त त्याने कटकट संपत नाही, दिशा बदलते. व्हॉसचं यीस्ट २२ अंशांवर ठेवलं तर ते रेंगाळतं आणि त्याचा तो संत्र्यासारखा वासही येत नाही. म्हणजे आता गरम ठेवायची काळजी. बेल्जियममधल्या सेझाँ बिअरच्या एका प्रसिद्ध यीस्टची गोष्ट अशीच आहे. तीस अंशांच्या वर ते मजेत असतं, पण मध्येच तापमान घसरलं की निम्मी साखर तशीच टाकून आठवडे झोपी जातं. व्हीट बिअर करणाऱ्याला तर केळ्याचा वास हवाच असतो, तो १८ अंशांवर कमी आणि २२ वर जास्त मिळतो, आणि कोणता आवडतो हे त्याने ठरवायचं. ठरवण्यासाठी मागच्या वेळी कितीवर होतं ते माहीत असलं पाहिजे.

शेवटच्या टप्प्याबद्दल दोन गोष्टी. बादली आणि खोली यांतला फरक उतरायला लागला, म्हणजे बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी, की एल २०-२१ अंशांपर्यंत चढू द्यावं. दहा-बारा अंशांवर आंबवलेलं लागर १६ ते १८ अंशांवर दोन-तीन दिवस ठेवावं, डायअॅसिटिल तेव्हाच जातं. थोडी बिअर झाकलेल्या पेल्यात घेऊन चांगल्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवून गार केली आणि लोणकट वास आला, तर अजून थांबायला हवं. घनता दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजून सारखीच आली तरच आंबवण संपलं असं समजावं. बहुतेक हायड्रोमीटर २० किंवा १५.६ अंशांसाठी आखलेले असतात, म्हणून नमुना त्या तापमानाला आणूनच वाचावा. घनता स्थिर नसताना बाटल्या भरल्या तर त्या फुटतात, आणि काच कोणाला लागेल ते सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट बाटलीतल्या साखरेची. फेसासाठी किती साखर घालायची हे बिअरमध्ये आधीच किती कार्बन डायऑक्साइड विरघळलेला आहे यावर अवलंबून असतं, आणि तो ठरतो आंबवण संपल्यावर बिअरने गाठलेल्या सर्वांत वरच्या तापमानावर. बाटल्या भरायच्या दिवशीचं तापमान इथे कामाचं नाही. एकदा गरम होऊन उडून गेलेला वायू नंतर गार केल्याने परत येत नाही. डायअॅसिटिलसाठी १८ अंशांवर नेलेलं आणि मग तीन आठवडे २ अंशांवर मुरवलेलं २० लिटर लागर घ्या. फ्रीजवरचा आकडा बघून हिशोब करणारा त्यात साधारण ६० ग्रॅम साखर घालेल, वहीतला १८ चा आकडा बघणारा ११५ ग्रॅमच्या आसपास. पहिल्याची बिअर बसकी निघेल. बाटल्या भरायच्या दिवशी वही शेजारी उघडी ठेवा आणि साखर त्यातल्या आकड्यावरून तोला.